पुढं काय व्हईल ते सांग : परिवहन आयुक्तांना एका शिकाऊ चालकाचं खुलं पत्र

मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य,
आणि राज्यातल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवणारे सर्व प्रशिक्षक,

सादर नमस्कार.

मी 43 वर्षांची आहे आणि कराड तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. माझ्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या काचेवर पांढऱ्या कागदावरचा लाल ‘एल’ चिकटवलेला आहे. मिस्टर सैन्यात असतात, शाळा घरापासून 14 किलोमीटरवर आहे आणि सासऱ्यांना महिन्यातून दोनदा दवाखान्यात न्यावं लागतं, म्हणून या वयात गाडी शिकायला घेतली. शिकायला उशीर झाला याचं मला वाईट वाटत नाही. काय शिकवलं गेलं आणि काय राहून गेलं, याबद्दल मात्र तुमच्याशी बोलायचं आहे.

ड्रायव्हिंग स्कूलचा माझा नववा दिवस होता. तोपर्यंत क्लच सोडताना गाडी बंद पडणं थांबलं होतं. दुसऱ्यावरून तिसरा गिअर त्या दिवशी पहिल्यांदाच झटका न बसता पडला आणि मी मनातून खूश होते. वेग 40 च्या आसपास होता. पुढे एका फाट्यावर एसटी उभी होती, तिच्या उजवीकडून मी निघाले. एकाएकी गाडी जागच्या जागी थांबली. ब्रेक मी मारला नव्हता. शेजारी बसलेल्या प्रशिक्षकांनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला होता. एसटीच्या पुढून तिसरी-चौथीतली एक मुलगी, पाठीला दप्तर, धावत रस्त्यावर आली होती आणि माझ्या बॉनेटपासून हातभर अंतरावर उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पलीकडे पळाली.

प्रशिक्षक म्हणाले, “मॅडम, ब्रेक मारायचा ना!” आणि त्यांनी पुन्हा मोबाईल हातात घेतला. गाडी पुढे काढायला सांगितली. धडा संपला.

त्यांनी वेळेवर ब्रेक दाबला, म्हणून आज मी हे पत्र लिहू शकते. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण ब्रेक मारायचा हे मला ठाऊक होतं. कधी मारायचा हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. ती मुलगी दिसायच्या आधीच पाय एक्सलेटरवरून उचललेला असायला हवा होता, हे प्रशिक्षकांना अनुभवाने माहीत होतं. मला ते माहीत करून द्यायचं काम कोणाचं?

मी दुसरीला शिकवते. माझ्या वर्गात दरवर्षी अशी दोन-तीन मुलं असतात, जी प्रत्येक अक्षर बिनचूक ओळखतात आणि वाक्य संपल्यावर विचारलं की काय वाचलंस, तर गप्प बसतात. अक्षरं आलेली असतात, अर्थ लागलेला नसतो. त्या दिवशी एसटी मला दिसली होती. लाल, घराएवढी मोठी, दिसणारच. एसटी थांबली आहे म्हणजे माणसं उतरत आहेत, उतरलेल्यांतल्या निम्म्यांना रस्ता ओलांडायचा आहे आणि त्यातल्या लहानांना घाई आहे, हा अर्थ मला लागला नाही.

संध्याकाळी घरी सगळं सांगितलं. माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, एसटीत 31 वर्षं चालक होते. कुंभार्ली घाटातून चिपळूणला उतरणाऱ्या गाड्या, आषाढीच्या पंढरपूरच्या जादा गाड्या, खेड्यातल्या मुक्कामी फेऱ्या, सगळं त्यांनी केलेलं. गुडघ्यांमुळे आता ते फारसं चालवत नाहीत, पण लायसन्स चालू आहे. त्यांनी मला ओरडलं नाही. एवढंच विचारलं, “येष्टीचं दार कुठल्या अंगाला असतंय? उतरल्याली माणसं कुठं जाणार?” दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी ते हँडब्रेकपाशी हात ठेवून माझ्या शेजारी बसू लागले.

त्यांचा पहिला नियम होता, तोंड बंद ठेवून गाडी चालवायची नाही. जे दिसेल ते मोठ्याने बोलायचं. मी सुरू केलं : पुढे रिक्षा आहे, डावीकडे किराणा दुकान आहे, पुढे स्पीडब्रेकर आहे. चार मिनिटं त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “पुढं काय हाय ते मलाबी दिसतंय, पोरी. पुढं काय व्हईल ते सांग.”

आयुक्त साहेब, हे पत्र या एका वाक्यासाठी आहे.

आता तुमच्या परीक्षेकडे येते. शिकाऊ लायसन्सची परीक्षा मी घरी, जेवणाच्या टेबलावर बसून, आधारच्या ओटीपीवर दिली. 2021 पासून ही सोय झाली, तिच्याबद्दल मनापासून आभार. शाळेतून रजा घ्यावी लागली नाही. प्रश्न पडद्यावर आले : या चिन्हाचा अर्थ काय, रुग्णवाहिका मागून आली तर काय कराल, पार्किंग कुठे करू नये. साठ टक्के उत्तरं बरोबर आली की पास. मी पास झाले. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला 11 वा नियम या परीक्षेत काय विचारायचं ते सांगतो : चिन्हं आणि रस्त्याचे नियम, अपघात झाल्यावर चालकाची कर्तव्यं, बिनफाटकाचं रेल्वे क्रॉसिंग ओलांडताना घ्यायची काळजी, गाडीत ठेवायची कागदपत्रं. देशातल्या ब्रॉडगेज मार्गांवरची सगळी मानवरहित क्रॉसिंग 2019 च्या जानेवारीपर्यंत बंद झाली. थांबलेल्या एसटीच्या पुढून येणारं मूल मात्र राज्यातल्या प्रत्येक फाट्यावर, रोज, शाळा सुटायच्या वेळेला आहे. ते या यादीत नाही.

चिन्हं पाठ असावीत, यात वाद नाही. तांबड्या त्रिकोणात दप्तर घेतलेलं मूल दिसलं की पुढे शाळा आहे हे कळतं. पण मुलं फक्त शाळेजवळ नसतात, आणि आमच्या रस्त्यांवरच्या बहुतेक धोक्यांना पाटी नाही. उद्या अचानक कुणी लग्नाचा मांडव रस्त्यातच घालेल, त्याची पाटी तुम्ही तरी कुठून लावणार? तो धोका माणसाने स्वतः वाचायचा असतो.

मग पक्क्या लायसन्सची ट्रायल. माझी अजून व्हायची आहे, पण ती द्यायला आलेल्यांच्या रांगेशेजारी मी दोन वेळा मुद्दाम जाऊन उभी राहिले. दुचाकीवाल्याने आठचा आकडा काढायचा, पाय टेकवायचा नाही. मोटारवाल्याने थोडं पुढे, थोडं मागे, एच आकारात रिव्हर्स. मी पाहिलं त्या दोन्ही दिवशी कोणालाही वाहत्या रस्त्यावर नेलं नाही. गाडी हातात आहे की नाही, एवढं त्यातून नक्की कळतं. नजर कुठे आहे, हे कळायला काहीच मार्ग नाही. काही ठिकाणी आता संगणकीय ट्रॅक झाले आहेत. चाक रेषेला लागलं तर यंत्राला समजतं. चालक रेषेपलीकडे काय बघत होता, हे यंत्राला समजत नाही.

यासाठी कायदा बदलावा लागेल असं कोणी म्हणेल, म्हणून मी नियम काढून वाचले. त्याच 1989 च्या नियमांत 15 वा नियम पक्क्या लायसन्सच्या चाचणीचा आहे. उमेदवाराने काय काय करून दाखवलं पाहिजे याची लांबलचक यादी त्यात आहे. आरसा नीट लावणं, चढावर थांबून पुन्हा निघणं, रिव्हर्स घेणं, असं सगळं. त्याच यादीत, शेवटाकडे, हेही आहे : पादचारी, इतर वाहनांचे चालक आणि सायकलस्वार काय करतील याचा आधीच अंदाज घेणं. हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले. अण्णांचं वाक्य, अण्णा नोकरीला असतानाच, सरकारने नियमात लिहून ठेवलेलं होतं. ते नियमात आहे आणि ट्रायलमध्ये मी कुठे पाहिलं नाही.

अण्णांनी जे शिकवलं त्यातलं थोडं इथे सांगते. हे शिकवता येतं, दैवावर सोडायची ही गोष्ट नाही, हे तुम्हाला पटावं म्हणून.

रिक्षाचा इंडिकेटर बघू नकोस, पुढचं चाक बघ, असं ते म्हणतात. रिक्षातला माणूस वाकून इमारतीची पाटी वाचायला लागला किंवा खिशातून पैसे काढायला लागला, की रिक्षा थांबणार. वडापची, म्हणजे वाटेत माणसं घेत जाणारी, जीप पुढे असेल तर जीपकडे बघायचंच नाही, रस्त्याकडेला हात वर करून उभ्या असलेल्या माणसाकडे बघायचं. तो माणूस म्हणजेच जीपचा ब्रेकलाईट. ओळीने उभ्या केलेल्या गाड्यांच्या शेजारून जाताना कुठल्या गाडीत ड्रायव्हरच्या जागेवर डोकं दिसतं, कुठलं पुढचं चाक वळलेलं आहे, कुठले मागचे दिवे आत्ताच विझले, हे मोजत जायचं. दार उघडेल ते त्यातलंच. आणि ते दार तुम्हाला लागलं नाही तरी शेजारून जाणारा दुचाकीवाला दार चुकवायला तुमच्या पुढ्यात येईल.

पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा माझ्या बाजूला नव्हता, डावीकडे होता, म्हणून मी बोलले नाही. अण्णांनी लगेच टोकलं, “खड्डा तुझा न्हाय, त्या मोटरसायकलवाल्याचा हाय. पर त्यो येणार तुझ्याकडं.” आणि तो आलाच. दुसऱ्याचा धोका आपला कसा होतो, हे मला त्या क्षणी जेवढं कळलं तेवढं कोणत्याही पुस्तकाने समजलं नसतं.

एक म्हैस रस्ता ओलांडून गेली म्हणजे रस्ता मोकळा झाला असं समजायचं नाही, मागून रेडकू येतं. ढाबा आणि पेट्रोल पंपाच्या अलीकडे-पलीकडे दुभाजक तुटलेला असतो आणि तिथून वैरणीचा भारा बांधलेली मोटरसायकल उलट्या बाजूने येते. गाव जवळ आलं की काच खाली करायची. ताशाचा किंवा डीजेचा आवाज वळणाच्या आधी ऐकू येतो, मिरवणूक वळणानंतर दिसते. मृगाच्या पहिल्या सरीला रस्ता सगळ्यात निसरडा असतो, कारण महिनोन्‌महिने सांडलेलं तेल आणि धूळ पाण्यावर वर येते. दोन दिवस जोराचा पाऊस झाला की तोच रस्ता धुऊन निघतो आणि पकड परत येते.

आणि ऊस. आमच्या भागात गळीत हंगाम सुरू झाला की चार-पाच महिने रात्रीचा रस्ता वेगळाच असतो. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला, मागे ना दिवा ना चकाकणारी पट्टी. अंधारात ती ट्रॉली दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. अण्णांनी मला ती ट्रॉली दिसायच्या आधी ओळखायला शिकवलं. रस्त्यावर उसाची कांडी आणि पाचट पडलेली दिसली, की ट्रॉली याच रस्त्याने गेली आहे आणि ती तुमच्याहून सावकाश चालते, म्हणजे तुम्ही तिला गाठणार. डांबरावर ओल्या चिखलाचे चाकांचे ठसे दिसले, की आत्ताच कोणीतरी शेतातून वर चढलं आहे. समोरून लांबून येणाऱ्या गाडीचे दिवे मध्येच क्षणभर दिसेनासे झाले आणि पुन्हा दिसले, तर तुमच्या आणि त्या गाडीच्या मध्ये काहीतरी आहे, ज्याला दिवा नाही. हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. 31 वर्षांचं ज्ञान एका निवृत्त माणसाच्या डोक्यात आहे, आणि मी त्यांची सून झाले नसते तर ते माझ्यापर्यंत पोचलंच नसतं.

राज्यात असे किती निवृत्त चालक घरी बसून असतील? त्यांना कोणी विचारायला गेलं का?

नवशिक्याची नजर बॉनेटच्या पुढ्यात राहते, सरावलेल्याची लांबवर फिरते, हे डोळ्यांच्या हालचाली टिपून अमेरिकेतल्या संशोधकांनी 1972 सालीच दाखवलं होतं. ब्रिटनने त्याच्या पुढे जाऊन ते परीक्षेतच आणलं. नोव्हेंबर 2002 पासून तिथे लेखी परीक्षेबरोबर धोका ओळखण्याची स्वतंत्र चाचणी द्यावी लागते. उमेदवाराला रस्त्याच्या 14 चित्रफिती दाखवतात. त्यांत मिळून 15 घडत जाणारे धोके असतात. धोका आकार घेऊ लागला असं वाटताच बटण दाबायचं. जितकं लवकर ओळखाल तितके जास्त गुण, एका धोक्याला पाचपर्यंत. मोटारीसाठी 75 पैकी 44 मिळाले तर पास. मनाला येईल तसं सारखं बटण दाबत राहिलं तर त्या फितीचे गुण शून्य. ऑस्ट्रेलियातल्या काही राज्यांतही अशी चाचणी आहे.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती गुण देण्याची पद्धत. मूल बॉनेटपुढे आल्यावर बटण दाबलं, तर गुण नाही. मूल एसटीच्या आडून पुढे यायला लागलं तेव्हाच दाबलं, तर पूर्ण गुण. म्हणजे ‘कधी’ला गुण आहेत.

आणि ‘कधी’वर सगळं का अवलंबून आहे, त्याचा हिशोब मी आमच्या सातवीच्या मुलांकडून फळ्यावर करून घेतला. ताशी 50 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ 14 मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर जायला, अगदी सावध माणसालाही, एक ते दीड सेकंद लागतं. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच 14 ते 21 मीटर गेले. आमच्या वर्गखोल्या एकापुढे एक अशा दोन-तीन ठेवल्या तर होईल एवढं अंतर. मग कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी सुमारे 14 मीटर. तीच गाडी 30 ने जात असेल तर ब्रेक लागल्यावर सुमारे पाच मीटरमध्ये थांबते. आणि पाय आधीच ब्रेकवर येऊन थांबलेला असेल तर त्या दीड सेकंदातला काही भाग वाचतो. मुलांनी उत्तर काढलं आणि एका मुलाने विचारलं, “बाई, मग आधीच पाय ठेवायला काय होतंय?”

धोका ओळखल्यावर काय करायचं, हा याच विषयाचा दुसरा भाग, आणि तोही कोणी शिकवत नाही. आपल्याकडे पहिला प्रतिसाद हॉर्न. हॉर्न वाजवला की आपलं काम झालं, आता बाजूला होणं समोरच्याचं काम, असं आपण धरून चालतो. लहान मूल हॉर्न ऐकून जागीच थिजतं आणि म्हातारं माणूस मागे फिरतं. अण्णांचा क्रम असा : आधी एक्सलेटरवरून पाय उचलायचा आणि ब्रेकवर नुसता टेकवून ठेवायचा, मग आरशात मागे कोण आहे ते बघायचं, मग ठरवायचं. “पाय उचललास, निम्मं काम झालं.” मागे दुचाकी चिकटून असेल तर ब्रेक लवकर आणि हळू लावायचा, म्हणजे तिलाही कळतं. कुत्रं आडवं आलं तर स्टेअरिंग फिरवायचं नाही, सरळ रेषेत ब्रेक. डावी चाकं साईडपट्टीवर उतरली, आणि आमच्याकडे डांबर आणि साईडपट्टी यांच्यात कुठे कुठे वीतभर उतार असतो, तर झटक्याने वर घ्यायची नाहीत, नाहीतर गाडी थेट समोरच्या वाहनापुढे जाते. वेग कमी होऊ द्यायचा, सावकाश वर चढवायची. ज्या गिअरने घाट चढलो असतो त्याच गिअरने उतरायचा, न्यूट्रलमध्ये तर कधीच नाही. माझ्या गाडीला एबीएस आहे, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा. एप्रिल 2019 पासून नव्या मोटारींना ते सक्तीचं आहे. जोरात ब्रेक दाबला की पेडल पायाखाली थरथरतं, तेव्हा घाबरून पाय काढायचा नसतो, तसाच दाबून ठेवायचा असतो. हे मला गाडीच्या पुस्तिकेत वाचून कळलं. रिकाम्या मैदानावर एकदा ते करून बघायला पाच मिनिटं लागली. ती पाच मिनिटं कुठल्याही ड्रायव्हिंग स्कूलला परवडतील.

प्रशिक्षक बंधूंनो, आता तुमच्याशी. तुमचा दिवस पहाटे सुरू होतो, एकामागून एक शिकाऊ येतात, प्रत्येकाच्या चुका तुमच्या जिवावर बेततात, हे मला दिसलं आहे. फीदेखील फार नसते. पण त्याच 1989 च्या नियमांतल्या नियम 31 प्रमाणे आम्हाला निदान 21 दिवस शिकवायचं आणि त्यात निदान दहा तास प्रत्यक्ष गाडी चालवून घ्यायची, असं ठरलेलं आहे. त्या दहा तासांत तुमच्या बाजूचा ब्रेक किती वेळा दाबला गेला, त्याची नोंद कोणी ठेवत नाही. माझी विनंती एवढीच, की तो ब्रेक दाबल्यावर गाडी कडेला घ्या. दोन मिनिटं थांबा. आम्हाला विचारा, की मी का दाबला, आणि तुम्हाला हे कुठे दिसायला हवं होतं? तुमच्या पायाला जे कळतं ते आमच्या डोळ्यांना कळू द्या. आणि आम्ही चालवत असताना मोबाईल खिशात ठेवा.

आयुक्त साहेब, तुमच्याकडे माझं मागणं मोठं नाही. शिकाऊ लायसन्सच्या परीक्षेचे नियम दिल्लीत ठरतात, ते मला कळतं. पण चित्रफिती तयार करायला दिल्लीची परवानगी लागत नाही. आपल्याच रस्त्यांवर गाडीच्या काचेमागे कॅमेरा ठेवून चित्रण करा. कोकणातलं धुक्यातलं वळण, विदर्भात रस्त्यावर वाळत घातलेलं सोयाबीन, मुंबईत थांबलेल्या बेस्ट बसच्या आडून येणारा माणूस, वारीच्या वाटेवरची दिंडी, आमची उसाची ट्रॉली, समृद्धी महामार्गावरचा तासन्‌तास सरळ रस्ता, ज्यावर डोळा लागणं हाच धोका. एसटीच्या निवृत्त चालकांना बोलावून त्या फिती दाखवा आणि त्यांनी कुठे बोट ठेवलं ते मराठीत लिहून घ्या. विभागाच्या संकेतस्थळावर त्या सगळ्यांना मोफत बघू द्या. शिकाऊ लायसन्स देण्याआधी निदान दहा फिती बघणं तरी सांगा. पुढे त्यावर गुण द्यायचे की नाही, तो प्रस्ताव केंद्राकडे पाठवता येईल.

आणि पक्क्या लायसन्सच्या ट्रायलमध्ये पाच मिनिटं वाहता रस्ता ठेवा. उमेदवाराने बोलत बोलत गाडी चालवायची, निरीक्षकांनी ऐकायचं. 15 व्या नियमात तो अंदाज लिहिलेलाच आहे, तो ऐकून घ्यायला नवा नियम लागत नाही. निरीक्षक कमी आणि उमेदवार रांगेने, ही अडचण खरी आहे. दिवसाला प्रत्येकाला नेता येत नसेल तर सुरुवात व्यावसायिक लायसन्सवाल्यांपासून करा, शाळेच्या बस चालवणाऱ्यांपासून करा. 2021 च्या नियमांनी जी मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रं उभी राहायची आहेत, तिथे हलक्या वाहनांचा अभ्यासक्रम 29 तासांचा आहे आणि सिम्युलेटरही, म्हणजे पडद्यावर रस्ता दाखवून गाडी चालवण्याचा सराव देणारं यंत्र, ठेवावा लागतो. त्या सिम्युलेटरवर रिव्हर्स शिकवण्यापेक्षा एसटीच्या पुढून येणारं मूल दाखवा. खऱ्या रस्त्यावर ते शिकायचं तर किंमत फार मोठी आहे.

ती किंमत कोण मोजतं, हे केंद्राच्या 2022 च्या अहवालात आहे. त्या वर्षी देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, त्यांपैकी 15,224 आपल्या महाराष्ट्रात. देशभरातल्या मृतांत 74,897 दुचाकीवर होते आणि 32,825 पायी चालणारे. म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश माणसांच्या भोवती ना पत्रा होता, ना सीटबेल्ट, ना एअरबॅग. मोटार शिकणारी माझ्यासारखी बाई चुकली तर बहुतेक वेळा तिला काही होत नाही. समोरच्याला होतं. म्हणून मला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हा माझा खासगी प्रश्न राहत नाही. लायसन्स देताना सरकारने तो विचारलाच पाहिजे.

माझं शिकाऊ लायसन्स सहा महिन्यांचं आहे आणि त्यातले अडीच संपले. ट्रायलला मी जाईन तेव्हा एच काढीन, चढावर थांबून दाखवीन, जे सांगाल ते करीन. निरीक्षकांनी विचारलं नाही तरी मी मोठ्याने बोलत चालवणार आहे. अण्णांनी तशीच सवय लावली आहे.

ज्या फाट्यावर ती मुलगी माझ्या पुढ्यात आली, तिथून मी आता रोज जाते. संध्याकाळी सव्वापाचच्या आसपास एसटी येते. मी लांबूनच वेग उतरवते, पाय ब्रेकवर ठेवते आणि बसच्या खालून पलीकडे पाय दिसतात का ते बघते. लहान पाय बऱ्याचदा दिसतात. तुमच्या विभागातलं कोणीही, कुठल्याही दिवशी, त्या वेळेला माझ्या शेजारी येऊन बसावं. मला काय दिसतं ते मी बोलून दाखवीन, आणि अण्णा मागच्या सीटवर असतील.

आपली,
एक शिकाऊ चालक,
कराड तालुका, जि. सातारा